गाइडशिवाय गोष्ट वाचताना

सप्रेम नमस्कार.

मी बेचाळीस वर्षांची, मूळची सांगलीची. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. गेली नऊ वर्षं आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. नवरा आयटीत, मी एचफोरवर (नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाबरोबर बायकोला मिळतो तो व्हिसा), ग्रीन कार्डाच्या रांगेत. ईएडी (काम करायचा परवाना) अजून काढलेलं नाही. मराठीत थोडंफार लिहिते, मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या कथा आल्या आहेत. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी साहित्य आणि लेखन शिकावं असं फार दिवस मनात आहे. नवरा म्हणतो, "पैशाचा प्रश्न नाही, पण उपयोग काय? शिकायचंच तर अकाउंटिंग शीक." मैत्रीण म्हणते, कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही त्यांची जागा. अकरावीतली मुलगी म्हणते, "आई, माझ्या शाळेतली मुलं तिथे क्लास घेतात, प्लीज त्यांच्यात जाऊन बसू नकोस." माझी भीती वेगळीच आहे. माझं इंग्रजी दुकानात चालतं, शाळेच्या मीटिंगला चालतं. पण निबंध? तोही अमेरिकन मुलांच्या बरोबरीनं? आणि मराठीत लिहिणारीनं या वयात इंग्रजीच्या मागे लागावं का?

– एक वाचक, फ्रीमाँट

प्रिय मैत्रिणी,

जा. एवढं लिहून थांबले असते, पण तुमच्या पत्रात खऱ्या अडचणी आणि नुसते बागुलबुवा एकमेकांत मिसळलेत. आणि जी सगळ्यात मोठी अडचण येणार आहे ती तुम्ही लिहिलेलीच नाही. तिच्याकडे सावकाश येते.

आधी मुलीचं. ती म्हणते ते खरं आहे. कॅलिफोर्नियात हायस्कूलची मुलं कम्युनिटी कॉलेजात सर्रास वर्ग घेतात, तेव्हा तुमच्या शेजारच्या खुर्चीत सोळा वर्षांचा मुलगा येऊ शकतो. त्याच्या पलीकडे रात्रपाळी करून थेट वर्गात आलेली नर्सिंग असिस्टंट असेल, सैन्यातून बाहेर पडलेला पस्तिशीचा गडी असेल, नातवंडांना शाळेत सोडून आलेली एखादी व्हिएतनामी आजी असेल. तिथे वयाकडे वळून बघायला कुणाला फुरसत नसते. मुलीला अगदीच अवघड वाटत असेल तर संध्याकाळचा वर्ग घ्या. नाहीतर लाजू द्या तिला थोडी, अकरावीतल्या मुलींनी आईची लाज बाळगायची नाही तर कुणी!

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ही कॉलेजं कुणाला नाकारत नाहीत, आणि ती निघाली त्याच हेतूनं. इलिनॉयमधल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज (आपल्या अकरावी-बारावीचं नव्हे, बारावीनंतरच्या दोन वर्षांचं) सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं घरी राहून शिकता येईल अशी कॉलेजं गावोगावी काढायला सांगितलं. आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. प्रवेश सगळ्यांना मिळतो, पास मात्र सगळे होत नाहीत. राहिला दर्जा. पुलित्झर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय लेखिका ग्वेंडोलिन ब्रूक्स शिकागोच्या अशाच एका दोन वर्षांच्या कॉलेजातून १९३६ मध्ये बाहेर पडली. विज्ञानकथा लिहिणारी ऑक्टेव्हिया बटलर दिवसा काम करून रात्री पासाडिना सिटी कॉलेजात शिकत होती. आणि जिल बायडन व्हाइट हाउसमध्ये राहत असतानाही व्हर्जिनियातल्या कम्युनिटी कॉलेजात निबंधलेखनाचे वर्ग घेत होत्या, निबंधांचे गठ्ठे घरी नेऊन तपासत होत्या. आणखी एक गोष्ट मैत्रिणीला सांगा. मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाचा लेखनाचा वर्ग बऱ्याचदा पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे दिलेला असतो. कम्युनिटी कॉलेजात तो घेणाऱ्या माणसाचं शिकवणं हेच मुख्य काम असतं.

आता कागदपत्रं. हा भाग रटाळ आहे, पण आपल्या कितीतरी बायका इथूनच परत फिरतात. एचफोरवर शिकायला मुभा आहे, अर्धवेळ किंवा पूर्णवेळ, आणि त्यासाठी एफवन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. कुणी मंडळात ठामपणे उलटं सांगितलं तरी ऐकू नका. फीचा सगळा प्रश्न 'रेसिडेंट' ठरण्याचा आहे. वर्षभराहून अधिक काळ राज्यात राहिल्याचा आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार वगैरे. तुमची नऊ वर्षं झाली आहेत. एचफोरवाल्यांना कॅलिफोर्नियात रेसिडेंट ठरता येतं, विद्यार्थी व्हिसावाल्यांना येत नाही. खिडकीवरचा माणूस 'व्हिसा' एवढंच ऐकून तुम्हाला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात पिटाळू शकतो. न चिडता परत या आणि 'ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्स'मध्ये रेसिडेन्सी बघणाऱ्या माणसाला गाठा. रेसिडेंटला फी युनिटमागे ४६ डॉलर (एक युनिट म्हणजे आठवड्याला साधारण एक तास वर्ग), म्हणजे चार युनिटांच्या वर्गाचे १८४. वर आरोग्य शुल्क, पार्किंग अशी किरकोळ भर. नॉनरेसिडेंट ठरलात तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो, म्हणून ही धडपड. एचफोरवर केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, तेव्हा तिचा फॉर्म सोडून द्या. वेळापत्रकात काही वर्गांपुढे 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असते. त्या वर्गांना पुस्तक विकत घ्यावं लागत नाही, आधी ते बघा.

अर्ज 'सीसीसी अप्लाय' या संकेतस्थळावर होतो, फुकट. मात्र हल्ली या कॉलेजांत खोट्या नावांनी भरती होऊन मदतीचे पैसे लाटण्याचे प्रकार फार झालेत, त्यामुळे ओळख पटवण्याच्या पायऱ्या वाढल्या आहेत. अर्ज दोन दिवस अडकला म्हणून हाय खाऊ नका. याच कारणासाठी शिक्षक पहिल्या आठवड्यात हजेरीबाबत कडक असतात. ऑनलाइन वर्ग असेल आणि तुम्ही पहिल्याच दिवसांत कॅनव्हसवर (ऑनलाइन वर्ग जिथे चालतो त्या संकेतस्थळावर) जाऊन काही लिहिलं नाहीत, तर तुमचं नाव सरळ काढून टाकतील.

ईएडीबद्दल एक. तुमच्या यजमानांचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर असेल तर २०१५ पासून तुम्हाला त्यासाठी अर्ज करता येतो. वर्गात बसायला त्याची गरज नाही. पण पुढेमागे तुमचं लेखन बघून कुणी म्हणेल, "आमच्या रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर म्हणून या, तासाला अमुक देऊ." ते काम कॅम्पसवरचं असलं तरी पगारी आहे, ईएडीशिवाय घेता येणार नाही. अर्ज करून ठेवायला काय हरकत आहे?

आता वर्ग कोणता. २०१७ मध्ये राज्यानं एक कायदा केला आणि त्यानंतर पातळी ठरवणारी परीक्षा घेऊन लोकांना 'बेसिक इंग्लिश'च्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं बसवून ठेवणं बंद झालं. आता तुम्हाला काही प्रश्न विचारून स्वतःची तयारी स्वतःच जोखायला सांगतात आणि थेट विद्यापीठाच्या तोडीच्या लेखनवर्गात बसू देतात. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे शरदातल्या सत्रापासून, या वर्गाला राज्यभर एकच नंबर आहे, इंग्लिश सी-१०००. जुने लोक अजून 'वन-ए' म्हणतात. याच वर्गाला जोडून एक 'सपोर्ट' तास घेता येतो. तो घ्या. त्यात कमीपणा नाही, शिक्षकाचा वेळ जास्त मिळतो एवढंच. दुसरा पर्याय ईएसएलचा, म्हणजे परभाषिकांसाठीच्या इंग्रजी वर्गांचा. दुकानात, शाळेत तुमचं इंग्रजी चालतं म्हणता, हे पत्रही धड लिहिलंय. मला वाटतं तुम्ही ईएसएलमध्ये कंटाळाल.

कॉलेज निवडताना एक बघा. तुमच्या गावातलं ओलोनी सेमिस्टर पद्धतीचं आहे. क्युपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल क्वार्टर पद्धतीचं. क्वार्टरमध्ये जेमतेम तीन महिन्यांत तेवढंच सगळं उरकतात. पहिला निबंध फसला आहे हे कळेपर्यंत तिसरा द्यायची वेळ येते. पहिल्या वेळेला सेमिस्टरच बरं. आणि एकच वर्ग. वर्गातल्या एका तासामागे घरचे दोन तास धरायची तिथली पद्धत आहे, तेव्हा चार युनिटं म्हणजे आठवड्याचे बारा तास. ते कुठून काढणार हे आधी घरात बसून ठरवा. स्वयंपाक कोण करणार, मुलीला कुठे कोण सोडणार, सगळं. यजमानांना 'उपयोग काय' या प्रश्नापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा वाटेल.

आता ती न लिहिलेली अडचण. मी स्वतः या वर्गांतून गेले आणि पुढे एका कॉलेजच्या लेखनकेंद्रात काम केलं, त्यामुळे ती ओळखीची आहे. आपण ज्या शाळांत शिकलो तिथे धड्यावर स्वतःचं मत असणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी नव्हती. मत गाइडात असायचं. कवितेचं रसग्रहण करा म्हटलं की मध्यवर्ती कल्पना, भाषाशैली, अलंकार, 'कवीने निसर्गाचे सुंदर चित्रण केले आहे', संपलं. ज्यानं गाइडातलं वाक्य जास्त नेमकं आठवून लिहिलं त्याला जास्त मार्क. आपण त्यात हुशार होतो, आणि तीच हुशारी या वर्गात आडवी येते.

उदाहरण घेऊ. केट शोपँची १८९४ मधली एक छोटीशी गोष्ट आहे, 'द स्टोरी ऑफ ॲन अवर'. अमेरिकेत लेखनाच्या पहिल्या वर्गात ती इतकी शिकवतात की तुमच्याही वाट्याला येण्याची शक्यता आहे. हृदय कमजोर असलेल्या एका बाईला नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी सांगतात. ती रडते, मग एकटी वरच्या खोलीत जाऊन दार लावून उघड्या खिडकीपाशी बसते, आणि तिथे तिला हळूहळू उमगतं की आपण मोकळ्या झालो. तासाभरानं नवरा दारात उभा. तो त्या गाडीत नव्हताच. तिला पाहता पाहता मरण येतं, आणि डॉक्टर म्हणतात, आनंदाचा धक्का सहन झाला नाही.

यावर आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. 'लेखिकेने स्त्रीमनाची घालमेल अत्यंत प्रभावीपणे रेखाटली आहे.' हेच इंग्रजीत लिहून दिलंत की समासात शिक्षिकेच्या अक्षरात दोन प्रश्न येतील. कुठे? कसं? तुम्ही चक्रावाल, कारण व्याकरणाची एकही चूक नाही. पण त्या वाक्याशी कुणी भांडूच शकत नाही, आणि ज्याच्याशी कुणी भांडू शकत नाही ते तिथे विधान मानत नाहीत. त्यांना हवी असते थीसिस, म्हणजे तुम्ही ठामपणे मांडलेलं, दुसरा कुणी नाकारू शकेल असं म्हणणं, आणि ते पटवायला गोष्टीतल्याच ओळी.

आता तीच गोष्ट पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा आणि त्या बाईला कोण काय म्हणतंय त्याखाली रेघ मारत जा. सुरुवातीला ती मिसेस मॅलर्ड. खोलीत शिरल्यावर बहुतेक ठिकाणी नुसती 'ती'. मोकळेपणाची जाणीव होते, ती 'फ्री' असं पुटपुटत राहते, आणि त्यानंतर लगेच बंद दारापलीकडून बहीण हाक मारते, 'लुईझ'. तिचं स्वतःचं नाव गोष्टीत पहिल्यांदा तिथे येतं. आणि शेवटी नवरा दारात येतो त्या क्षणी निवेदन तिला काय म्हणतं? 'त्याची बायको'. एवढं बघितलंत की विधान हातात आलं. या बाईला स्वतःचं नाव फक्त ती विधवा आहे असं वाटण्याच्या तासाभरापुरतं मिळतं, आणि तिचा मृत्यू त्या नावाबरोबर वाचायला हवा. याच्याशी भांडता येतं. कुणी म्हणेल, नाव बहिणीनं घेतलंय, बहीण नावानंच हाक मारणार, त्यात काय विशेष? मग तुम्हाला उत्तर शोधावं लागेल. त्या शोधण्याचाच निबंध होतो.

आणि इथे तुमच्या शेजारच्या सोळा वर्षांच्या मुलापेक्षा तुम्ही पुढे आहात. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं जाताना तुम्ही पाहिलं असेल, कदाचित ते तुमचंच असेल. माहेरच्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून कमी होत जाणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगूनही कळायचं नाही. म्हणून तुम्हाला ती रेघ मारायचं सुचेल. फक्त निबंधात 'आमच्याकडे सुद्धा असंच असतं' या वाटेनं पाच परिच्छेद गेले तर शिक्षिका थांबवेल. अनुभवानं प्रश्न सुचवायचा, पुरावा गोष्टीतूनच द्यायचा. हे एकदा जमलं की साहित्याचे पुढचे वर्ग, मग ते शेक्सपिअरचे असोत की अमेरिकन कवितेचे, फारसे परके वाटत नाहीत.

वर्गात बोलण्यालाही मार्क असतात. शिक्षकांपुढे गप्प बसणं हा आपल्याकडे आदर, तिथे तयारी न करता आल्याची खूण. पहिल्या दोन तासांतच एक वाक्य बोलून टाका, कसलंही. उच्चारांची काळजी सोडा. बे एरियातल्या, म्हणजे आपल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या वर्गात ज्याचा उच्चार 'अमेरिकन' आहे असा विद्यार्थी शोधावा लागतो.

मसुदा एकमेकांना वाचायला देतात, त्याला पिअर रिव्ह्यू म्हणतात. एखादी एकोणीस वर्षांची मुलगी तुमच्या परिच्छेदावर लिहील, 'इथे माझा गोंधळ झाला.' रागावू नका, तिचा गोंधळ खरंच झालेला असतो. शिक्षकांचे ऑफिस अवर्स, म्हणजे वर्गाबाहेर भेटायचे ठरलेले तास असतात, ते बहुतेक वेळा रिकामे जातात, तुम्ही जा. रायटिंग सेंटरही फुकट असतं. तिथे तुमचं इंग्रजी दुरुस्त करून देत नाहीत, 'तुम्हाला इथे म्हणायचंय काय?' एवढंच पुन्हा पुन्हा विचारतात. पहिल्यांदा संताप येतो.

उचलेगिरीबाबत मात्र सावध. आपण पाठांतरावर वाढलेली माणसं, दुसऱ्याचं चांगलं वाक्य मनात मुरून आपलंच वाटायला लागतं. तिथे एक ओळ जरी कुठून घेतली तरी कुठून ते सांगायचं, लेखकाचं आडनाव आणि पान. याला एमएलए पद्धत म्हणतात, आठवडाभरात हातात बसते. वाचताना टिपून घेतलेलं अवतरण आणि स्वतःचा विचार वहीत वेगवेगळ्या शाईनं लिहा. चॅटजीपीटीबद्दल प्रत्येक शिक्षकाचा नियम निराळा असतो आणि तो सिलॅबसमध्ये लिहिलेला असतो. नुसतं 'इंग्रजी नीट करून दे' एवढं सांगितलं तरी काही जणांकडे तो गुन्हा ठरतो. लिहिण्याआधी विचारा. आणि माझं मत विचाराल तर तुमचं थोडं अडखळणारं वाक्यच राहू द्या. त्यात निदान कुणीतरी बोलतंय हे कळतं.

व्याकरणाचं म्हणाल तर 'ए' आणि 'द' आपल्याला जन्मभर छळणार. आपल्या भाषेत ती उपपदं नाहीतच. बहुतेक शिक्षक मुद्दा, पुरावा, मांडणी यांना आधी मार्क देतात आणि उपपदं नंतर बघतात. स्वतःच्या त्याच त्या चुकांची एक यादी करा आणि निबंध देण्याआधी फक्त तेवढ्यासाठी एकदा मोठ्यानं वाचा. शाळेत शिकलेली बोजड, सरकारी अर्जातली इंग्रजी मात्र टाकावी लागेल. साधी, आखूड वाक्यं तिथे जास्त मानाची.

आता यजमानांचा 'उपयोग'. ते चुकीचं विचारत नाहीत, त्यामुळे त्यांना खरं सांगा. इंग्रजीच्या असोसिएट डिग्रीवर (इथल्या दोन वर्षांच्या पदवीवर) आपोआप नोकरी मिळत नाही. अकाउंटिंगमध्ये मिळण्याची शक्यता जास्त, आणि तुमचं बी.कॉम. आहेच. तुम्हाला मुळात पगार हवा असेल तर ते बरोबर आहेत. लोक इथून दोन वर्षांत 'ट्रान्सफर' होऊन विद्यापीठात जातात, ती वाट अठरा वर्षांच्या मुलांसाठी उत्तम आहे. तुमच्याकडे मात्र एक पदवी आधीच आहे आणि दुसऱ्या पदवीसाठी सरकारी विद्यापीठं सहसा जागा देत नाहीत. तेव्हा दोन वर्षांची योजना आखून नंतर त्या दारावर जाऊन आपटण्यापेक्षा हे आधीच माहीत असलेलं बरं. तुमच्यासाठी पुढची वाट असली तर ती एम.ए.ची. सॅन होजे स्टेटमध्ये इंग्रजीचं एम.ए. आहे आणि सर्जनशील लेखनाचं एमएफए सुद्धा. तिथे इंग्रजी साहित्याची थोडी पूर्वतयारी दाखवावी लागेल, आणि भारतातल्या तीन वर्षांच्या पदवीचं काय करायचं ते विद्यापीठाला लेखी विचारावं लागेल. कम्युनिटी कॉलेजात शिकवायला इंग्रजीतलं एम.ए. लागतं. पण अर्धवेळ शिकवणाऱ्यांना तिथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. ती नोकरी बघून कुणी इकडे वळू नये.

म्हणून म्हणते, 'डिग्री' हा शब्द सध्या घरात काढूच नका. सी-१००० घ्या. आवडला तर सी-१००१, त्यात युक्तिवाद अजून घट्ट करायला शिकवतात. मग साहित्याचा एखादा वर्ग, मग कथालेखनाचा. एवढं होईपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल की एम.ए. हवंय, की ईएडी काढून कुठे कॉपी एडिटिंगचं काम हवंय, की काहीच नको, नुसतं वाचायचंय. सेमिस्टरमध्येच जमेनासं झालं तर मुदतीच्या आत वर्ग सोडता येतो. उशिरा सोडलात तर गुणपत्रकावर 'डब्ल्यू' येतो, नापासाचा शिक्का नाही.

कथालेखनाच्या वर्गाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण खरं तर तुम्हाला तिथेच जायचंय. त्याला वर्कशॉप म्हणतात. तुमची कथा सगळ्यांना आधी वाचायला द्यायची, आणि चर्चा चालू असताना बऱ्याच ठिकाणी लेखकानं तोंड मिटून बसायचं. दिवाळी अंकात कथा आली की ओळखीचे लोक 'छान जमलीये' म्हणतात आणि विषय संपतो. इथे दहा-बारा अनोळखी माणसं तुमच्या सांगलीच्या आत्याबद्दल अर्धा तास बोलतील, काही साफ चुकीचं बोलतील, आणि तुम्हाला खुलासा करता येणार नाही. ते सहन करण्यासारखं आहे. कुणी विचारेल, हळदीकुंकू म्हणजे काय, तळटीप का नाही? लगेच तळटीप घालू नका. वाचणाऱ्याला प्रसंग कळत नसेल तर प्रसंग नीट लिहा, प्रसंग कळत असेल तर एका अनोळखी शब्दानं कुणाचं अडत नाही. या कॉलेजांची स्वतःची वाङ्मयीन नियतकालिकं असतात, डी अँझाचं 'रेड व्हीलबॅरो' त्यातलंच.

राहता राहिलं मराठी. या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. मर्ढेकरांनी इंग्रजी शिकवलं, विंदा करंदीकरांनी इंग्रजी शिकवलं आणि शेक्सपिअरचा 'लिअर' मराठीत आणला, नेमाड्यांनी अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं. अरुण कोलटकर तर दोन्ही भाषांत कविता लिहीत राहिले. यांच्यामुळे मराठीचं काही बिघडलं असं अजून तरी कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. एक मात्र होईल. निबंध लिहिण्याच्या काळात मराठी कथा बाजूला पडेल, आणि परत तिच्याकडे जाल तेव्हा जुन्या कथांतली गुळगुळीत वाक्यं टोचायला लागतील. यंदाच्या दिवाळी अंकाचं कबूल केलं असेल तर ते आधी लिहून द्या, मग सेमिस्टरला हात घाला.

स्प्रिंगचं सेमिस्टर जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होतं आणि नोंदणी त्याच्या बरीच आधी उघडते, नवीन विद्यार्थ्यांची पाळी शेवटी येते. सकाळी दहाचे वर्ग सगळ्यात आधी भरतात, कारण मुलांना शाळेत सोडून आलेल्या सगळ्याच आयांना ते हवे असतात. भरलेला दिसला तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. पहिल्या आठवड्यात गळती होतेच. जो समोर बसलेला असतो त्याला शिक्षक ॲड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायचा आकडा) देतात, आणि तो कोड वापरायची मुदत फार थोडी असते, त्यामुळे त्याच दिवशी पार्किंगमध्ये बसून फोनवरच नाव नोंदवा.